टाळकऱ्याचा वर्तमानकाळ

या, असे जवळ सरका. त्या खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढं यावं, सतरंजी पुढं मोकळीच आहे. महाराज अजून फराळाला बसलेत आणि पखवाजाला कणीक लागायची आहे, तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. गोष्ट आपल्या भोकरदनची आहे, एका टाळकऱ्याची आहे आणि तिच्यात फ्रेंच भाषा आहे. हसू नका. ज्याला मुंगीच्या पायातलं घुंगरू ऐकू येतं, त्या विठ्ठलाला फ्रेंच तेवढी कळत नसेल असं कसं म्हणावं?

दुष्काळ सरून केळना नदीला पुन्हा पाणी दिसू लागलं, त्याच्या पुढच्या सालची ही हकिकत. भोकरदनमध्ये कडूबाचा वसंता म्हणून एक सरळमार्गी माणूस राहायचा. कीर्तनात टाळ धरायचा. आता टाळकऱ्याचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. महाराज पुढं उभे राहतात, चरण सोडतात, आणि मागच्या मंडळींनी तो वरच्यावर झेलायचा. वसंता झेलण्यात इतका पटाईत, की महाराजांच्या तोंडून अर्धा चरण सुटेपर्यंत उरलेला अर्धा ह्याच्या जिभेवर येऊन बसलेला. बद्रीनाथ महाराज म्हणायचे, "वसंता मागं असला की मला इसरायची भीती न्हाई."

पण जन्मात कधी वसंतानं पहिली ओळ उचलली नव्हती. एकदा काल्याच्या कीर्तनात महाराजांचा घसा बसला. त्यांनी मागं वळून खूण केली, वसंता, तू सुरू कर. वसंता टाळ छातीशी धरून उभा. घाम मानेवरून पाठीत उतरला, पण तोंडातून अक्षर फुटेना. शेवटी शेजारच्या भुजंगनं हळूच पहिला शब्द म्हटला, आणि मग ह्याची गाडी अशी सुटली की थांबवायला महाराजांना हात वर करावा लागला.

पोटापाण्याचं कामही असंच मागं उभं राहण्याचं. अजिंठ्याच्या लेण्यांत तो आरसा धरायचा. गाईड पुढं बोलत चालायचा, पाहुणे माना वर करून बघायचे, आणि वसंता दाराशी उन्हात उभा राहून मोठ्या आरशानं उजेड आत टाकायचा. गाईड म्हणाला "हा राजपुत्र", की उजेड राजपुत्रावर. गाईड म्हणाला "हा हत्ती", की हत्तीवर. सासुरवाडीला मेव्हणा सगळ्यांदेखत विचारायचा, "काय जावईबापू, अजून सूर्याला आरसा दाखवूनच राह्यले का?" वसंता हसायचा. कारण ह्या प्रश्नाचीही पुढची ओळ त्याला ठाऊक होती, आणि ती हसण्याचीच होती.

मग एक दिवस औरंगाबादेहून साहेब आले. लेण्यांतल्या सगळ्या रोजंदारीच्या माणसांना त्यांनी पायऱ्यांवर बसवलं आणि सांगितलं, की येत्या साली आत विजेचे दिवे बसणार. आरशांची गरज राहणार नाही. आरसे धरणाऱ्यांचीही नाही. साहेब मनानं वाईट नव्हते. वाईट बातमीच्या मागोमाग त्यांनी एक गोड गोळीही ठेवली होती. म्हणाले, "हल्ली फ्रान्सचे लोक फार येतात. त्यांच्यासाठी एक गाईड घ्यायचाय. तुमच्यापैकी फ्रेंच कुणाला येतं?"

सगळे खाली मान घालून बसलेले. आणि मागून, भजनात द्यावा तसा, ठणठणीत आवाज आला, "येतं!"

शेवटचा शब्द उचलायची सवय, दुसरं काय! वसंतानं स्वतःच दचकून मागं पाहिलं, की कोण बोललं. पण साहेबांचा चेहरा खुलला होता. "अरे वा! नाव काय? राहणार भोकरदनचे? छान. दिवाळीनंतर जालन्याहून एक फ्रेंच जथा अजिंठ्याला येणारे. तुमच्याच गावावरून जाईल. तिथलं नदीकाठचं लेणं त्यांना तुम्ही दाखवा. जमलं तर लायसन तुमचं. नाही जमलं तर," साहेबांनी आरशाकडं पाहिलं, "तर बघू."

"तर बघू" म्हणजे काय, हे सरकारी माणसाच्या तोंडून ऐकलेल्या कुणालाही कळतं. दुष्काळात खडी फोडून फोडून वसंताच्या हाताला पडलेले घट्टे अजून गेले नव्हते.

घरी आल्यावर बायको द्वारकाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अवं, 'न्हाई येत' म्हणायला काय झाल्तं?"

"तोंडातून निघून गेलं."

"घरात तर चार चार दिवस एक शब्द निघत न्हाई. अन् तिथं बरा निघाला, जल्दीनं!"

पण तिनंच रात्रभर विचार करून सकाळी तोडगा काढला. "ते शिवनारायणशेट न्हाई का? पांडेचरीत व्हते म्हणं. तिथं ह्याच लोकाचं राज व्हतं. जा त्यांच्याकडं."

शिवनारायणशेट मूळचे राजस्थानी, पण तीन पिढ्या भोकरदनात मुरलेले. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी पाँडिचेरीला मामाच्या कापडदुकानात काढली होती. परत आले तेव्हा फ्रेंच बरोबर आलं, पण भोकरदनात ते कुणाला विकायचं? आठवडी बाजारात धोतरजोडी घ्यायला आलेल्या माणसाला फ्रेंचमध्ये काय सांगणार? पितळी दिवा कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवतात, तशी ती भाषा त्यांनी ठेवून दिली होती. कीर्तनाला मात्र न चुकता यायचे. पहिल्या रांगेत बसायचे आणि रंग भरला की उपरण्यानं डोळे पुसायचे.

वसंता ओट्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, "शेटजी, मला फ्रेंच शिकवा."

आतून त्यांच्या पत्नी सायरबाई म्हणाल्या, "भाया, जन्मात पहिल्यांदा कोणी त्यांना 'बोला' म्हणून राह्यलं. आता जेवायच्या टाइमाला तरी सोड बरं का त्यांना!"

शेटजींनी कापडाचा गज खाली ठेवला. जुना दिवा माळ्यावरून उतरला. "वसंता, तिथं क्रियापदं तीन जातीची असतात. कोणाच्या शेवटी 'एर' लिवलेलं, कोणाच्या शेवटी 'ईर', अन् कोणाच्या शेवटी नुसता 'र'. सरळ चालीची तेवढी मी शिकवतो. वाकडी पण लई असतात, ती शिकलेल्या लोकांची. आपल्याला सरळ बस झाली."

"बराबर."

"हे बघ. शेपूट कापायचं, अन् माणूस पाहून नवीन शेपूट जोडायचं. गिऱ्हाईक पाहून भाव सांगतो ना आपण, बिलकुल तसं. पार्ले म्हणजे बोलणं, लिवताना शेवटी 'एर'. मी बोलतो, झ पार्ल. तू बोलतो, त्यू पार्ल. तो बोलतो, इल पार्ल. आम्ही बोलतो, नू पार्लों. तुम्ही बोलता, वू पार्ले. ते बोलतात, इल पार्ल."

वसंता विचारात पडला. "शेटजी, मी, तू, तो अन् ते, चौघांचं एकच ऐकू येऊन राह्यलं की."

"ऐकायला एक. लिवायला निराळं. 'ते'च्या शेपटाला तर तीन अक्षरं लिवायची अन् एक बी बोलायचं न्हाई."

"बोलायचं न्हाई तर लिवायचं कशाला मंग?"

"अरे, पाटीवर एक अन् तोंडी एक, हे दुकानदाराला इचारतो का तू?"

पहिले काही दिवस काही जमलं नाही. वसंता 'मी'ला 'आम्ही'चं शेपूट लावायचा, 'तुम्ही' अधांतरी सोडायचा. शेटजी धीर सोडायला आले. मग एके दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, शेटजी कंटाळून जरा आळवून "झ पार्ल" म्हणाले, आणि वसंताची बोटं आपोआप गजावर पडली. भजनी ठेका. "त्यू पार्ल," तो म्हणाला. "इल पार्ल." ठेका चालू. "नू पार्लों, वू पार्ले," आणि समेवर येऊन, "इल पार्ल!" एक शेपूट इकडचं तिकडं नाही.

शेटजींनी उपरण्यानं डोळे पुसले. कीर्तनात पुसायचे तसेच.

तिथून पुढं दुकानात सप्ताहच बसला म्हणा. शेटजींनी पहिलं पद सोडायचं आणि वसंतानं पुढची पाच झेलायची. मोंत्रे म्हणजे दाखवणं, रगार्दे म्हणजे बघणं, एकूते म्हणजे ऐकणं. मग 'ईर'वाली: फिनीर म्हणजे संपवणं, श्वाझीर म्हणजे निवडणं. मग 'र'वाली: वाँद्र म्हणजे विकणं, आताँद्र म्हणजे वाट बघणं. शेटजींची सगळी क्रियापदं दुकानातली. गिऱ्हाईक येतं, मागतं, मी दाखवतो, ते बघतं, ते निवडतं, मी विकतो. आणि गिऱ्हाईक नसलं, की आताँद्र.

"हे सगळं आत्ताचंच चाललंय," वसंता एकदा म्हणाला. "होऊन गेलेलं कसं म्हणायचं?"

शेटजी कापडाची घडी नीट करू लागले. "कापडाच्या दुकानात होऊन गेलेलं काय कामाचं? गेलेल्या गिऱ्हाइकाशी कोण बोलतं? शिकवतो. दिवाळी होऊ दे."

आता सराव म्हणजे एकट्यानं करायची गोष्ट नव्हे, निदान टाळकऱ्यानं तरी. सुट्टीच्या दिवशी वसंता मारुतीच्या पारावर बसून पदं घोळायचा. भुजंग आणि दुसरा टाळकरी पुंजाराम तिथं असायचेच. ओळ कानावर पडली आणि उचलली नाही, असं त्या दोघांच्या हातून पाप म्हणूनही घडलं नसतं. चार दिवसांत तिघं मिळून विकणं आणि वाट बघणं सहाही अंगांनी म्हणू लागले. अर्थ फक्त वसंताला ठाऊक. पण अर्थ ठाऊक नसल्यानं टाळकऱ्याचं कधी अडलेलं नाही. बद्रीनाथ महाराज एकदा पारावरून चालले होते. थांबले, मान डोलावली. "कोणता अभंग म्हणून राह्यले रे?"

"अभंग न्हाई महाराज, क्रियापद आहे," वसंता म्हणाला.

"असू दे, असू दे. चाल गोड आहे."

गोठ्यातही हेच. द्वारकाबाई रिकामी चरवी घेऊन आली. "तुमचं पार्ल-पार्ल ऐकून म्हशीनं पान्हा चोरला! त्या साहेबाला सांगा, लायसन द्या न्हाई तर दूध तरी द्या."

एकच काटा होता, आणि तो शेटजींनी ओळखला होता. एक दिवस त्यांनी पहिलं पद सोडलंच नाही. नुसते बसून राहिले. वसंताही बसून राहिला. बाजारातून दोन बैलगाड्या गेल्या. शेवटी शेटजी म्हणाले, "म्हण की."

"तुम्ही सुरू करा."

"मीच सुरू करायचं, तर लायसन मला भेटंल. वसंता, तू मागची ओळ लई चांगली म्हणतो. पण गिऱ्हाईक दुकानात पाठ म्हणायला येत न्हाई रे. ते उभं राहतं, अन् पहिली ओळ तुझ्याकडून मागतं."

वसंतानं मान हलवली. मान हलवणं सोपं असतं.

दिवाळी झाली. भूतकाळ काही शिकवून झाला नाही. शेटजींना दमा उठला होता आणि भाऊबिजेनंतर पाहुणे होते. मग थंडीतल्या एका लख्ख सकाळी नदीकाठी धुरळा उडवत गाडी येऊन थांबली.

नदीकाठचं ते लेणं गावकऱ्यांना नवीन नाही. काळ्या दगडात खोदलेले खांब, आणि आत अंधारात शेषावर पहुडलेला देव. दारातून चार पावलं आत गेलं की काही दिसत नाही. म्हणून वसंतानं आपला आरसा आणला होता. भुजंग आणि पुंजाराम टाळ घेऊन आले होते. पाहुणे परदेशचे असले तरी पाहुणेच, हात हलवत कसं उभं राहायचं? निम्मं गाव काठावर जमलं होतं. द्वारकाबाई डोक्यावर पदर घेऊन बाभळीखाली उभी. शिवनारायणशेट दम्यानं धापत, काठी टेकत आले आणि लेण्याच्या पायरीवर बसले, वसंताला दिसतील असे. रात्रभर त्यांनी ठरवून ठेवलं असणार, पहिलं पद कोणतं सोडायचं ते. निदान वसंताची तशीच समजूत होती आणि त्या समजुतीवरच तो उभा होता.

साहेब उतरले. मागून फ्रेंच मंडळी उतरली, बहुतेक म्हातारीच, डोक्यावर गवताच्या टोप्या. सगळ्यांत पुढं एक पांढऱ्या केसांच्या उंच बाई. त्यांनी वसंताकडं बघून हसून विचारलं, "वू पार्ले फ्रांसे?"

म्हणजे, तुम्ही फ्रेंच बोलता का?

आता तुम्हीच सांगा मंडळी. ज्याचा जन्म मागची ओळ उचलण्यात गेला, त्याच्या कानावर 'वू पार्ले' पडलं तर तो काय करील? वसंताचे डोळे चमकले. छाती भरून त्यानं पुढचं पद दिलं, "इल पार्ल!"

म्हणजे, ते बोलतात.

ते म्हणजे कोण, म्हणून बाईंनी वळून पाहिलं. मागं भुजंग आणि पुंजाराम टाळ धरून सज्ज उभे. बाईंनी त्यांना विचारलं, "वू पार्ले फ्रांसे?"

"इल पार्ल!" दोघं एका सुरात, वर टाळाचा ठोका.

बाईंनी तिसरीकडं पाहिलं. मला वाटतं आयुष्यात असं गाव त्यांनी पाहिलं नसेल, जिथं प्रत्येकाला विचारावं तर फ्रेंच नेहमी दुसऱ्यालाच येतं. पण मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. नंतर कळलं की बाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. हयातभर हीच शेपटं त्यांनी पोरांकडून घोकून घेतली होती. त्यांनी हातातली काठी छडीसारखी उंच केली आणि खणखणीत म्हणाल्या, "झ पार्ल!"

"त्यू पार्ल!" तिघे टाळकरी. टाळ.

"इल पार्ल!" आता टोप्यावाल्या म्हाताऱ्यांतल्या एकाला राहवेना. "नू पार्लों!" सगळे. आणि मंडळी, केळनेच्या काठी असा गजर झाला की पलीकडच्या तीरावर धुणं धुणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. फ्रान्सची माणसं लहानपणची शाळा आठवून टाळ्या पिटताहेत, भुजंग टाळ धरून पावली खेळतोय, आणि जाणत्या-अजाणत्यांनी मिळून 'बोलणं' हे क्रियापद सहाही अंगांनी आळवलं.

साहेब खूश. इतके खूश, की वसंताचं लायसनच अडचणीत आलं. कारण साहेब म्हणाले, "कमाल आहे! अहो, इथं तर गावालाच फ्रेंच येतं! मग तुम्हालाच लायसन का द्यावं?" आणि हसणं आवरून, "बरं. पाठ झाला. आता यांना लेणं दाखवा. तुम्ही. तुमच्या तोंडानं."

गजर थांबला. टोप्या वसंताकडं वळल्या. भुजंग-पुंजाराम टाळ धरून वाट बघत, पहिली ओळ कधी येते. द्वारकाबाई बाभळीखाली.

वसंतानं शेटजींकडं पाहिलं.

शेटजींनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले, उघडले. वसंतानं कान टवकारले. आणि तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं उपरण्याचं टोक घेऊन आपलं तोंड झाकलं आणि मान नदीकडं फिरवली. नदी जणू कधी पाहिलीच नव्हती.

मानेवरून घाम पाठीत उतरला. काल्याच्या दिवशी उतरला होता तसाच. आरसा हातात जड झाला. खडी, हातोडा, मेव्हणा, सगळं समोर उभं राहिलं. गिऱ्हाईक उभं आहे, आणि पहिली ओळ मागतंय.

"झ," वसंता म्हणाला. मग थांबला. मग, आपलाच आवाज ओळखीचा नसावा तसा, हळू, "झ मोंत्र."

मी दाखवतो.

"त्यू मोंत्र!" मागून भुजंग-पुंजाराम तुटून पडले, आणि वसंतानं हात वर केला. महाराज करतात तसा. टाळ थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाला थांबवलं होतं. दोघंही बघत राहिले.

"वू रगार्दे," तो बाईंना म्हणाला. तुम्ही बघता. आणि आत शिरला. पण आत अंधार, आणि उजेड कोण देणार? बोलणाऱ्यानं बाहेर उन्हात कसं उभं राहायचं? वसंता मागं वळला. सगळ्यांत जवळ जो माणूस उभा होता त्याच्या हातात त्यानं आरसा दिला. "जरा तिरपा धरा. वर. अजून थोडा. हां, बस." हे त्यानं मराठीत सांगितलं, आणि कुणाला सांगतोय हे पाहिलंही नाही. साहेबांच्या हातात आजवर फायलीशिवाय काही आलं नव्हतं. ते आरसा घेऊन उन्हात उभे राहिले आणि लेण्यात उजेड पडला.

शेषाच्या वेटोळ्यावर देव पहुडलेला. पायाशी लक्ष्मी.

देवाचं क्रियापद शेटजींच्या दुकानात नव्हतं. तिथं होतं गिऱ्हाइकाचं. वसंतानं तेच उचललं आणि देवाच्या पायाशी ठेवलं.

"इल आताँ," तो म्हणाला. तो वाट बघतो.

बाईंनी देवाकडं पाहिलं.

"नू-झारिवों." आपण येतो. दुकानात शेटजी म्हणायचे, गिऱ्हाईक येतं. "इल रगार्द. इल एकूत." तो बघतो. तो ऐकतो. मग लक्ष्मीकडं बोट करून, "एल आताँ." ती पण वाट बघते. बाभळीखाली द्वारकाबाईनं हे ऐकलं की नाही, कोण जाणे. अर्थ तर तिला कळायचा नव्हताच.

बाईंनी लांबलचक काहीतरी विचारलं. कधी कोरलं, कुणी कोरलं, असंच असणार. त्याच्यासाठी लागतो भूतकाळ, आणि तो दिवाळीच्या पाहुण्यांत वाहून गेला होता. वसंतानं क्षणभर विचार केला. मग देवाकडं पाहून, जे आहे ते सांगितलं, "इल आताँ." अजून वाट बघतोय.

म्हातारी बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ. बाहेर साहेबांचे हात भरून आले आणि देवावरचा उजेड थरथरू लागला, तेव्हा कुठं ती हलली.

निघताना त्यांच्यातल्या एका इंग्रजी जाणणाऱ्यानं साहेबांना बाईंचं म्हणणं सांगितलं. बाईंचं म्हणणं असं, की हा माणूस एकतर लहान लेकरासारखं बोलतो, नाहीतर साधूसारखं. नक्की कोणासारखं ते त्यांना ठरवता येत नाही, पण अजिंठ्यात त्यांना हाच हवा. साहेबांनी दंड चोळत मान डोलावली आणि वसंताला म्हणाले, "लायसन मिळेल. पण काय हो, तुम्ही हा आरसा रोज धरत होता?"

"व्हय साहेब."

"खांदे भरून येतात हो माणसाचे."

पुढच्या साली लेण्यांत दिवे लागले तेव्हा वसंता पुढं होता. भूतकाळ तो कधीच शिकला नाही, आणि गंमत अशी की त्यामुळंच त्याचं नाव झालं. बुद्धाची गोष्ट तो सांगायचा ती अशी: राजपुत्र घर सोडतो. तो चालतो. बायको वाट बघते. तो झाडाखाली वाट बघतो. फ्रेंच लोक भारावून जायचे, की हा माणूस सगळं आत्ता घडतंय असं सांगतो. आपल्याला त्यात काय नवल? आपले महाराजही आख्यान रंगात आलं की असंच सांगतात. देव कधी आला होता म्हणत नाहीत, देव येतो म्हणतात, आणि आपण दाराकडं बघतो. सासुरवाडीला मेव्हणा मात्र आता काही विचारत नाही. त्याची पंचाईत अशी, की त्याला वसंताच्या मागची ओळ सापडत नाही.

शिवनारायणशेट त्याच्या पुढच्या थंडीत गेले. तेराव्याला वसंता ओट्यावर बसून सायरबाईंना म्हणाला, "आई, होऊन गेलेलं कसं म्हणायचं, तेवढं शिकवायचं राहून गेलं बघा शेटजींचं."

सायरबाईंनी डोळे टिपले आणि त्यातूनच हसल्या. "अरे भाया, राहून नाही गेलं. त्यांना ते येतच नव्हतं. मामाजीनं दुकानापुरतं शिकवलं, तेवढंच. रोज रातीला मला म्हणायचे, वसंतानं उद्या विचारलं तर काय सांगू?"

झालं, महाराज आले. टाळ उचला. एकच मागणं आहे. आज गजर चालेल तेव्हा मधे एक क्षण, तोंड उपरण्यानं झाकून नदीकडं बघत बसलेल्या त्या म्हाताऱ्याची आठवण काढा. बोलता येत असून गप्प राहायला फार मोठं काळीज लागतं. आणि आठवण काढाल तेव्हा 'शेटजी होते' असं मनात आणू नका, त्यांना ते कळायचं नाही. 'शेटजी आहेत, पहिल्या रांगेत बसलेत' असं म्हणा.